मदत हवी आहे: पुट्टीचं सेशन सहा मिनिटांत तुटतं, कीपअलाइव्हची टिक लावूनसुद्धा

काळा पडदा:
विंडोज ११ वर पुट्टी (सर्व्हरवर लांबून काम करायचा प्रोग्रॅम), पलीकडे उबुंटू २२.०४. सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) खासगी सबनेटमध्ये, समोर नेटवर्क लोड बॅलन्सर (येणारी कनेक्शनं सर्व्हरकडे वळवणारा मधला दुवा), पोर्ट २२. चहा घेऊन परत यावं, एंटर दाबावं, की लगेच 'नेटवर्क एरर: कनेक्शन रीसेट बाय पीअर'. 'टेल -एफ' लावून लॉग वाहता ठेवला तर तासन्‌तास काही होत नाही. कनेक्शन पॅनेलमधली 'एनेबल टीसीपी कीपअलाइव्हज' (कनेक्शन जिवंत ठेवायला मधूनमधून छोटं पॅकेट पाठवणं) ही टिक लावली, फरक शून्य. अजून कुठे काय बदलायचं?

बॅकस्लॅश:
लॉग वाहताना टिकतं आणि गप्प बसलं की तुटतं, म्हणजे दोन्ही टोकं ठीक आहेत, तोडणारा मधला लोड बॅलन्सर. त्याची टीसीपी आयडल मुदत मुळात ३५० सेकंद असते. तेवढ्या वेळात एकही पॅकेट गेलं नाही की तो कनेक्शनची नोंद पुसून टाकतो आणि कुणालाच कळवत नाही. तुमचं एंटर पोचलं की मग रीसेट पाठवतो.

तुमची टिक काम विंडोजच्या टीसीपीवर सोपवते, आणि विंडोजचं पहिलं पॅकेट निघतं ७२०० सेकंदांनी! त्याच पॅनेलमध्ये वर 'सेकंड्स बिट्वीन कीपअलाइव्हज' आहे, तिथे ० असेल. ६० करा.

जतन करताना बरेच जण फसतात. आधी सेशन पॅनेलवर नाव निवडून लोड, मग बदल, परत सेशनवर येऊन सेव्ह. थेट ओपन दाबलंत तर बदल त्या खिडकीपुरताच. चालू खिडकीत टायटल बारवर राइट क्लिक करून 'चेंज सेटिंग्ज'मधूनही आकडा बदलता येतो.

काळा पडदा:
६० केलं, पाऊण तास गप्प ठेवलं, टिकलं. धन्यवाद! पण दुसऱ्या एका सर्व्हरवर हेच करूनही बरोबर १५ मिनिटांनी बाहेर. तिथे 'टाइम्ड आऊट वेटिंग फॉर इनपुट: ऑटो-लॉगआऊट' असं येतं.

रूटबाई:
ते बॅश (सर्व्हरवर तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) बोलतंय, नेटवर्कचा संबंध नाही. 'टीएमआऊट' (किती सेकंद वाट बघायची तो आकडा) हे व्हेरिएबल ९०० वर असणार. इको करून बघा. बॅशला प्रॉम्प्टवर तुमच्या बोटांची वाट असते, त्यामुळे कीपअलाइव्ह कितीही पाठवा, मोजणी थांबत नाही. बहुधा ते ईटीसी-प्रोफाइल या फाइलमध्ये रीडओन्ली (बदलता न येणारं) करून ठेवलेलं असतं. पळवाटा शोधू नका, ॲडमिनशी बोला. लांबलचक काम असेल तर टीमक्समध्ये (तुम्ही बाहेर पडलात तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा: 'टीमक्स न्यू -एस काम', बाहेर पडायला कंट्रोल-बी आणि मग डी, परत यायला 'टीमक्स अटॅच -टी काम'. कमांड चालू असताना बॅश प्रॉम्प्टवर नसतं, म्हणून ती मुदत तिला लागत नाही.

बॅकस्लॅश:
एक राहिलं. पुट्टीऐवजी विंडोजचं ओपनएसएसएच (त्याच कामाचा कमांड-लाइन प्रोग्रॅम) वापरलंत तर डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०' लिहा. नोटपॅड शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटवतं आणि मग फाइल वाचलीच जात नाही, तेवढं तपासा. 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स' (कितीदा उत्तर न आल्यावर सोडायचं तो आकडा) मुळात ३ आहे, म्हणजे साधारण १८० सेकंद उत्तर नाही आलं की क्लायंट स्वतःच लाइन सोडतो. रेल्वेत मोबाइल हॉटस्पॉटवर काम करताना हे उलटंही पडतं: बोगद्यात रेंज गेली की एरवी तगलं असतं ते सेशनही जातं. तिथे काउंटमॅक्स १० ठेवा.