मदत हवी आहे: कारवानी कुत्री ५१व्या दिवशी गाभडली, कारण कसं शोधायचं?

माळावरचा

कुत्री कारवानी जातीची, वय ४ वर्षं, वजन २१ किलो. हे दुसरं वेत. पहिल्या वेताची सहाही पिल्लं जगली. यावेळी नर बाहेरगावचा होता, दोन दिवसांच्या अंतराने दोनदा लागली. शेवटच्या मेटिंगपासून ५१व्या दिवशी, म्हणजे परवा रात्री, चार पिल्लं टाकली. दोन मेलेलीच पडली, दोन तासाभरात गेली. केस विरळ, पंजे गुलाबी. वारी (पिल्लांमागून पडणारी आवरणं) तीनच दिसल्या.

आज ताप १०१.८ फॅ., खाणं निम्म्यावर. स्राव आधी हिरवट-काळा होता, आता तपकिरी आहे, वास नाही. सडांत दूध उतरलंय. चप्पल उचलून कोपऱ्यात नेते आणि तिच्यावर पोट टेकून बसते.

महत्त्वाचं वाटतं म्हणून सांगतो: महिन्यापूर्वी गोठ्यातली एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली आणि तिची वार या कुत्रीने ओढून खाल्ली. एक पिल्लू आणि वारेचा तुकडा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलाय. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, भावजय गरोदर आहे.

कारण काय असेल? दूध कसं आटवायचं? ती दोन पिल्लं ऊब देऊन वाचली असती का? आणि पुढच्या माजाला लावावी का?

खुरपाऊल

आधी घरातली माणसं, कारण हा ब्रुसेला असू शकतो, म्हणजे गाभ पाडणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. भावजयीने कुत्रीजवळ आणि गोठ्यात जायचं नाही. मुलीलाही अहवाल येईपर्यंत लांब ठेवा. स्राव, वार, बिछाना यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नका. जागा आधी साबणपाण्याने खरवडून धुवा, मगच ब्लीच. घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. बाजारातलं ४-५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग, १५ मिनिटं ओलं राहू द्या. म्हशीचं दूध उकळूनच. घरात कुणाला चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'जनावराचं गाभडणं हाताळलंय' हे आपणहून सांगा. नाहीतर टायफॉइड-मलेरियाच्या तपासण्यांतच महिना जातो.

डबा फ्रिजमध्ये ठेवलात हे उत्तम. फक्त फ्रीजरमध्ये नको. गोठलेल्या पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. खाण्याच्या फ्रिजमधून आजच बाहेर काढा. दोन पिशव्यांत बांधून थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवा आणि लवकरात लवकर पोचवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिवाय शिरवळ, परळ आणि नागपूरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून कोणता नमुना कशात हवा ते विचारा. वार पिल्लापेक्षाही मोलाची, ती विसरू नका.

चौथी वार तिने खाल्ली असेल, बहुतेक कुत्र्या खातात. पण गृहीत धरू नका, सोनोग्राफी करून घ्या. आत पाचवं पिल्लू राहिलेलं नाही ना, हेही त्यातच दिसेल. ताप दिवसातून दोनदा गुदद्वारात मोजा. १०३च्या वर गेला, स्राव घाण वास मारू लागला किंवा पू दिसला, उलट्या होऊन पाणी जास्त पिऊ लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही.

एक तंबी. गोठ्यात ऑक्सिटोसिनची (पान्हा सोडवायच्या हार्मोनची) बाटली असेल तर ती कुत्रीला टोचू नका. तिला एक-दोन युनिट पुरतात. म्हशीच्या मापाने दिलं आणि आत काही अडकलेलं असलं तर गर्भाशय फाटतं. शिवाय व्याल्यानंतर दिवस-दोन दिवसांनी त्याचा असर फारसा उरतही नाही.

सूक्ष्मदर्शक

ऊब देऊन वाचली असती का, याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. कुत्रीचे दिवस बीज सुटल्यापासून मोजले तर ६३, एखादा दिवस मागेपुढे. मेटिंगपासून मोजले तर ५७ ते ७२ एवढं अंतर पडतं, कारण नराचं बीज आत पाच-सात दिवस जगतं आणि मादीचं बीज सुटल्यावर पिकायला दोन-तीन दिवस घेतं. तुमच्या कुत्रीचं बीज मेटिंगच्या पाच-सहा दिवस आधी सुटलं होतं असं मानलं तरी गर्भ ५७च्या पुढे जात नाही. तोवर फुप्फुसं उघडी ठेवणारा थर पुरेसा तयार झालेला नसतो. पिल्लू तोंड उघडतं, छाती हलते, हवा आत टिकत नाही. बाटलीने दूध पाजलं असतं तर उलट श्वासनलिकेत गेलं असतं.

आता कारण. वार खाल्ल्याचं कळल्यावर पहिला संशय ब्रुसेलावरच, पण इथे दोन वेगळे ब्रुसेला आहेत आणि गल्लत नेमकी इथेच होते.

एक ब्रुसेला अबॉर्टस, गाई-म्हशींचा. वार खाऊन कुत्र्याला होतो. 'रोज बेंगॉल' नावाच्या रक्ततपासणीत सापडतो. दुसरा ब्रुसेला कॅनिस, कुत्र्यांचा स्वतःचा. १९६६ साली अमेरिकेत बीगल कुत्र्यांमध्ये कारमायकल यांनी तो ओळखला. मेटिंगमधून, स्रावातून, लघवीतून पसरतो आणि साधारण ४५ ते ५९ दिवसांत गाभडवतो. तुमचा ५१वा दिवस त्यात चपखल बसतो, आणि नर बाहेरचा होता. याच्या जंतूचं कवच वेगळं असल्याने 'रोज बेंगॉल'मध्ये तो दिसतच नाही. जनावरांच्या दवाखान्यातून 'ब्रुसेला निगेटिव्ह' असा कागद मिळाला तर कोणत्या ब्रुसेलासाठी, ते विचारा. कॅनिससाठी वेगळी रक्ततपासणी, आणि वार व स्राव यांचं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) किंवा कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून पाहणं). रक्त निगेटिव्ह आलं तरी ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा, कारण लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर नमुन्याच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि तारीख लिहा. कल्चर कोरं येऊ शकतं.

बाकी शक्यता थोडक्यात. हर्पिस विषाणू शेवटच्या तीन आठवड्यांत लागला तर गाभडते किंवा जन्मलेली पिल्लं पहिल्या तीन आठवड्यांत जातात. गोचीड-तापात जोराचा ताप आणि रक्त कमी होऊन गर्भ जातो, म्हणून एक रक्तस्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून तपासणं) कराच. निओस्पोरा हा परजीवी गोठा असलेल्या घरात तपासण्यासारखा आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतून तो म्हशींकडे परत जातो. आणि औषधं: गाभण काळात खाजेसाठी डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं होतं का, ते आठवून पाहा. ही गोष्ट मालक सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी खाजेचा आणि गाभाचा संबंध नसतो.

दोन_शेपट्या

चप्पल काढून घेऊ नका आणि रागावूही नका. दिवस भरले असोत वा नसोत, गाभ टिकवणारं हार्मोन प्रोजेस्टेरॉन कोसळलं की दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं. पान्हा फुटतो आणि सांभाळायला काहीतरी हवं असतं. आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. फिरवणं चालू ठेवा, बिछाना साधा करा, उकरायला चिंध्या देऊ नका. दुसऱ्या कुत्रीची पिल्लं आणून लावायचा विचार कुणी सुचवेल. ब्रुसेलाचा निकाल येईपर्यंत अजिबात नाही.

दूध पिळू नका, पिळलं की आणखी उतरतं. गाभण म्हणून वाढवलेला खुराक नेहमीच्या मापावर आणा, कॅल्शियम बंद करा, पाणी मात्र तोडू नका. सड चाटू नये म्हणून जुना बनियन घाला. सड रोज चाचपा. एखादा गरम, दगडासारखा किंवा जांभळट झाला तर ते दूध साचणं नव्हे, स्तनदाह. दूध फारच असेल तर डॉक्टर दूध आटवणारं कॅबरगोलिन देतील. माप किलोला ५ मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा, साधारण ४ ते ६ दिवस. माणसांची ०.५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, आणि तुमच्या कुत्रीला लागतात १०५. अख्खी गोळी देऊ नका. उलटी झाली म्हणून सोबत उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइडही नको, ते कॅबरगोलिनचा असर मारतं.

माळावरचा

खोकं उद्या पहाटे औंधला निघतंय. इथले डॉक्टर म्हणतात, हार्मोन कमी पडलं असेल, पुढच्या वेळी सुरुवातीपासून प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं देऊ.

सूक्ष्मदर्शक

न मोजता नको. कुत्रीत गाभ टिकवणारं सगळं प्रोजेस्टेरॉन शेवटपर्यंत अंडाशयातूनच येतं, त्यामुळे हार्मोन कमी पडून गाभडणं होऊ शकतं हे खरं. पण पिल्लं कशानेही मेली तरी नंतर ते खाली जातंच. आज मोजून कमी आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जंतुसंसर्ग असताना हे इंजेक्शन दिलं तर मेलेलं आतच राहतं, गर्भपिशवीत पू होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत दिलं तर मादी पिल्लांची जननेंद्रियं नरासारखी घडतात. उशिरापर्यंत चालू ठेवलं तर कळाच येत नाहीत आणि भरलेली पिल्लं पोटात मरतात.

पुढे लावायचीच असेल तर आधी नर आणि मादी दोघांची कॅनिस तपासणी, तीही मेटिंगच्या आधी. माजात प्रोजेस्टेरॉन मोजून बीज सुटल्याची तारीख काढा, साधारण ५ नॅनोग्रॅमला सुटतं. २५ ते ३० दिवसांत सोनोग्राफी, आणि चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉन. पिल्लं जिवंत दिसत असताना ते ५च्या खाली घसरत असेल तेव्हाच इंजेक्शनाचा विषय काढायचा.

कॅनिस पॉझिटिव्ह आली तर लावायचा विचार सोडा. औषधाने जंतू दबतो, गेलाच याची खात्री देता येत नाही. नसबंदी, दीर्घ औषधोपचार आणि कायम वेगळी सोय, हाच रस्ता.

खुरपाऊल

नरवाल्यांना आजच कळवा, अहवालाची वाट पाहू नका. या हंगामात तो आणखी कुठे लागला असेल. वृषणं सुजलेली किंवा एक लहान-एक मोठं दिसलं तर संशय घट्ट, पण दिसायला धडधाकट नरही वीर्यातून आणि लघवीतून जंतू टाकतो.

आणि गोठ्यातल्या म्हशींचं रक्त याच खेपेला द्या. त्यांना 'रोज बेंगॉल' चालतं. पारड्या असतील तर ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, फक्त माद्यांना, आयुष्यात एकदा. टोचणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, जिवंत लस आहे. उरलेली पिल्लं विहिरीपासून लांब, हातभर नव्हे, कमरेइतक्या खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. वर दगड रचा, नाहीतर कुत्रीच उकरून काढेल.