शब्दचर्चा: सेबुआनो की बिसाया?

भाची वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्समध्ये, मिंदानाओ बेटावरच्या दावाओला आहे. वॉर्डात पेशंटशी बोलायला ‘बिसाया’ यावीच लागते, असं ती सांगते. शोधायला गेलं की मात्र सगळीकडे ‘सेबुआनो’. ही एकच भाषा की दोन? मराठीत काय लिहावं? ही मनिलाकडच्या टागालोग भाषेची बोली, म्हणजे ‘टागालोगची बोली’, असाही उल्लेख वाचनात आला.

भाषा एकच, नावं दोन

सेबुआनो हे सेबू बेटावरून पडलेलं, स्पॅनिश घडणीचं नाव. बेटाचं जुनं नाव सुग्बो, म्हणून ‘सिनुग्बुआनोन’ असंही म्हणतात. पण ही भाषा बोलणारे दोन कोटींच्या घरात आहेत आणि त्यातले कितीतरी सेबूचे नाहीतच. बोहोल, सिकिहोर, नेग्रोसचा पूर्व भाग, लेतेचा पश्चिम भाग आणि मिंदानाओचा मोठा पट्टा, इतका तिचा पसारा. मिंदानाओत विसाव्या शतकात सेबू-बोहोलकडची माणसं जमिनीसाठी येऊन वसली. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या भाषेला सेबूचं नाव का द्यावं? ते ‘बिसाया’ किंवा ‘बिनिसाया’च म्हणतात. त्यातला ‘इन’ हा शब्दाच्या पोटात घुसणारा प्रत्यय आहे: बिसाया लोकांची ती बिनिसाया, टागालोगांची ती तिनागालोग.

हा घोळ तिथल्या जनगणनेतही उतरला आहे. 2020 साली घरात बोलली जाणारी भाषा म्हणून 16 टक्के कुटुंबांची नोंद ‘बिसाया/बिनिसाया’ अशी झाली आणि 6.5 टक्क्यांची ‘सेबुआनो’ अशी. दोन रकाने, दोन क्रमांक. कोष्टक वरवर पाहणाऱ्याला या दोन निराळ्या भाषा वाटणारच.

पण ‘बिसाया’ हे भाषाकुळाचंही नाव

वरचं सगळं मान्य, तरी मराठीत नुसतं ‘बिसाया’ लिहू नये असं मला ठामपणे वाटतं. इलोइलोकडची हिलिगायनोन आणि समारची वाराय याही बिसाया भाषाच. सकाळचा नमस्कार घ्या. सेबुआनोत ‘मायोंग बुन्ताग’, हिलिगायनोनमध्ये ‘मायोंग आगा’, वारायमध्ये ‘माउपाय न्गा आगा’. नात्यातल्या आहेत, पण एक नाहीत.

भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड झॉर्क यांनी 1977 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भाषांची वंशावळ मांडली. तीत हिलिगायनोन आणि वाराय मध्य शाखेत एकत्र येतात आणि सेबुआनोची शाखा वेगळी निघते. म्हणजे सगळ्यांत मोठी बहीण जरा बाजूलाच. सुलू बेटांकडची ताउसुगही याच कुळातली, पण ते लोक स्वतःला बिसाया म्हणवत नाहीत. म्हणून भाषेला ‘सेबुआनो’, कुळाला ‘बिसाया भाषा’, आणि पहिल्या उल्लेखाला ‘सेबुआनो, म्हणजे बोलणाऱ्यांची बिसाया’ एवढं सांगावं.

‘बोली’ मात्र नको

टागालोग ही सेबुआनोची आई नव्हे, चुलत बहीण. दोघी मध्य फिलिपिनी गटातल्या. लिमा, पितो, वालो, सियाम (पाच, सात, आठ, नऊ) दोन्हीकडे सारखे. पण ‘लांग्गाम’ सेबुआनोत पक्षी आणि टागालोगमध्ये मुंगी. एकीच्या जोरावर दुसरी समजत नाही.

‘बोली’चा शिक्का कुठून आला तेही बघा. 1937 साली राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोग जाहीर केली. पुढे उरलेल्या सगळ्या भाषांना फिलिपिन्समध्येच सर्रास ‘दियालेक्तो’ (बोली) म्हटलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या लेखात तोच शब्द भाषांतरित होऊन आला असणार. दोन कोटी माणसांच्या, स्वतःचं साहित्य आणि वर्तमानपत्रं असलेल्या भाषेला बोली म्हणणं अन्यायाचं आहे. 1987 च्या संविधानानेही प्रादेशिक भाषांना त्या त्या भागात पूरक राजभाषेचा दर्जा दिला आहे.

भाचीसाठी

वॉर्डात कामाला येतील अशी दोन वाक्यं. ‘उन्साय इमोंग गिबाती?’ म्हणजे तुम्हाला काय होतंय? ‘आसा दापित आंग साकित?’ म्हणजे नेमकं कुठे दुखतंय? हा ‘आसा’ म्हणजे कुठे. टागालोगमधला ‘आसा’ वेगळा, तो आपल्या ‘आशा’चा. संस्कृत शब्द सेबुआनोतही आहेत, मलायमार्गे गेलेले: ‘साक्सी’ साक्षीदार, ‘दिवाता’ देवता, आणि ‘बाहान्दी’, म्हणजे खजिना, आपल्या ‘भांड्या’चा भाऊ.

तिला हेही सांगा, की बोलताना दोन स्वरांमधला ‘ल’ पुष्कळदा गळतो. पुस्तकात ‘वाला’ (नाही) असेल तिथे पेशंट नुसतं ‘वा’ म्हणेल, आणि ‘बालाय’ (घर) चं ‘बाय’ होईल. बोहोलकडचा पेशंट असेल तर ‘य’च्या जागी ‘ज’ ऐकू येईल. ‘मायो’ (छान) चं ‘माजो’.

धन्यवाद

उत्तर मिळालं. यापुढे भाषेसाठी ‘सेबुआनो’च लिहीन. भाचीला दोन्ही वाक्यं पाठवली आहेत.