मदत हवी आहे: पाणी भरलंय, जोह्याहून मूर्ती कशी आणू?

पेणजवळच्या जोहे गावात १४ इंची शाडूची मूर्ती बुक केली आहे. रविवारी भांडुपहून आमच्या ऑल्टोने निघालो. खारपाड्याचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं, पण महामार्ग सोडून आत वळलो आणि रस्ताच दिसेना. पुढे गेलेल्या रिक्षाच्या सीटला पाणी लागलेलं पाहून मुकाट परत फिरलो. (सोबत नेलेली जुनी चादर आणि थर्माकोल तसंच डिकीत.) कारखानदारदादा म्हणतात, "ओहोटीला पाणी उतरतं, तेव्हा या." पण ते उतरून गाडी जाण्याजोगा रस्ता व्हायला किती वेळ लागतो, ते त्यांनाही नक्की सांगता येईना.

टेम्पोवाल्याला विचारलं, तो एकट्या मूर्तीसाठी यायला तयार नाही. दादरला दुसरी घ्या असं कृपया सुचवू नका, पूर्ण पैसे दिले आहेत. शाडू असल्याने भिजवून चालणार नाही. सुट्टी फक्त येत्या शनिवारी, आणि बुधवारी चतुर्थी.

दिवा-रोहा गाडीने हमरापूर स्टेशनला उतरलं, तर जोह्यापर्यंतचा रस्ता पाण्याखाली जातो का? आणि परतताना त्या गाडीत मूर्ती मांडीवर घेऊन बसण्याइतकी जागा मिळते का?