सल्ला हवा: टुंड्रातल्या वनस्पती आणि सूक्ष्म हवामान, पोस्टडॉकचा अर्ज

पानगळ

नमस्कार. स्वालबार्डमधल्या (नॉर्वेचा आर्क्टिक द्वीपसमूह) एका पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनपदासाठी अर्ज करायचा आहे. मुदत २४ महिने. लाँगयेअरब्येनजवळच्या आदव्हेंतदालेन खोऱ्यात दोन उन्हाळे फील्डवर्क आहे. विषय: टुंड्रातल्या बुटक्या वनस्पतींची वाढ आणि जमिनीलगतचं सूक्ष्म हवामान. अर्जासोबत दोन पानी संशोधन आराखडा मागितलाय. माझी पीएचडी जंगलातल्या झाडांच्या फेनॉलॉजीवर (पानं-फुलं येण्याच्या वेळांचा अभ्यास) आहे. आर ही सांख्यिकीची संगणकभाषा आणि मिक्स्ड मॉडेल ही सांख्यिकी पद्धत येतात, पण गोठलेल्या जमिनीत काम केलेलं नाही. तापमान-ओलावा आपोआप नोंदवणारे लॉगर कोणते घ्यावेत, किती आणि कसे लावावेत? आराखड्यात काय लिहावं? मुलाखतीत आपण काय विचारून घ्यावं?

हिमरेषा

आधी लॉगर, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. हवामान केंद्र हवेचं तापमान साधारण दीड-दोन मीटर उंचीवर मोजतं. तिथली सॅलिक्स पोलारिस ही बुटकी विलो जमिनीपासून सहसा काही सेंटिमीटरच्या वर जात नाही. ती जगते ते तापमान केंद्राच्या नोंदीत नसतंच.

टॉम्स्ट कंपनीचा टीएमएस-४ लॉगर या कामाला सर्वांत योग्य. जमिनीत ६ सेंमी खोल, जमिनीच्या वर २ सेंमी आणि १५ सेंमी उंचीवर अशी तीन तापमानं तो घेतो, शिवाय मातीतला ओलावा. दर १५ मिनिटांनी नोंद म्हणजे दिवसाला ९६. मेमरी पाच लाखांहून जास्त नोंदींची असल्यामुळे ती भरण्याची चिंता नाही.

आयबटन हे बटणाएवढे लॉगर स्वस्त पडतात, पण आकडेमोड करूनच घ्या. त्यातल्या डीएस१९२२एल मॉडेलमध्ये बारीक रिझोल्यूशनच्या ४०९६ नोंदी मावतात. दर दोन तासांनी लावलात तर ३४१ दिवसांत मेमरी भरते, म्हणजे वर्षभराने तुम्ही परत पोचायच्या तीन आठवडे आधीच नोंद बंद. नेमके बर्फ वितळायचे दिवस हातचे जातात. जुन्या नोंदींवर लिहिण्याची सोय चालू ठेवलीत तर आधीच्या उन्हाळ्याची सुरुवात पुसली जाते. दर तीन तासांनी लावलात तर ५१२ दिवस मिळतात.

लावताना घाई करू नका. जूनच्या सुरुवातीला जमीन वरवरच वितळलेली असते आणि टीएमएसचा दांडा १० सेंमीपेक्षा जास्त खोल जावा लागतो. हातोडीने ठोकलात तर आतला सर्किट बोर्ड तडकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आधी त्याच जाडीच्या पोलादी पट्टीने भोक पाडा, लॉगर न हलवता सरळ उतरवा आणि दोन्ही बाजूंनी माती बोटांनी दाबून घ्या. मध्ये हवेची फट राहिली की ओलाव्याचा आकडा कायम कमी येतो. माती बसेपर्यंतचे पहिले दोन आठवडे ओलाव्याच्या विश्लेषणात धरू नका.

मातीवेडा

हिमरेषा यांनी ओलाव्याचं लिहिलंच आहे, त्यात एक भर. हा सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) ८०च्या आसपास, बर्फाचा फक्त ३ च्या आसपास. त्यामुळे ऑक्टोबरात माती गोठली की आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो. ती कोरडी झालेली नसते, पाणी जागेवरच असतं. शून्याखालच्या सगळ्या ओलाव्याच्या नोंदी गाळा. पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि शेवाळाखालच्या सेंद्रिय मातीला खनिज मातीचं तयार कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून ओलावा काढायचं समीकरण, लागू पडत नाही. प्रत्येक अधिवासातून ठरावीक घनफळाचा मातीचा नमुना घ्या, ओला वजन करा, ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वजन करा आणि स्वतःचं समीकरण काढा.

गोठताना जमीन फुगते आणि लॉगर वर ढकलते. वसंतात तो दोन-तीन सेंमी उचललेला मिळतो, तेव्हा ६ सेंमी खोलीचा सेन्सर खरं तर ३-४ सेंमीवर असतो. उलट जिथे शेवाळ वाढतं, तिथे २ सेंमीचा सेन्सर हळूहळू गाडला जातो. म्हणून दर भेटीला तिन्ही सेन्सरची प्रत्यक्ष उंची पट्टीने मोजून वहीत लिहा आणि पट्टीसह फोटो काढा. ही एक सवय नसेल तर दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

लॉगर न्यायच्या आधी आणि परत आणल्यावर सगळे एकत्र, चुरलेलं बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात वीस-तीस मिनिटं बुडवा. ढवळत राहा. सगळ्यांनी ० दाखवायला हवं. जो जितका चुकेल तितकी दुरुस्ती त्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा.

दगडफूल

मी आराखड्याबद्दल लिहितो. दोन पानांत प्रश्न एकच ठेवा. ‘हवामानबदलाचा टुंड्रावर परिणाम’ हा प्रश्न नव्हे. उदाहरणार्थ: सॅलिक्स पोलारिसची पानं कधी फुटतात, हे बर्फ वितळण्याच्या तारखेवरून ठरतं की त्यानंतर २ सेंमी उंचीवर साठलेल्या उष्णतेवरून? असा प्रश्न घेतला की कुठे लॉगर लावायचे, कधी जायचं, काय मोजायचं हे आपोआप ठरतं.

लॉगरची संख्याही त्यातूनच निघते. वाऱ्याने उघडा पडणारा कडा, मधला उतार, बर्फ उशिरापर्यंत टिकणारी खोलगट हिमशय्या असे तीन अधिवास, प्रत्येकी १० चौकटी (मोजणीसाठी आखलेल्या जागा), म्हणजे ३० लॉगर आणि ५ जादा. समीक्षक इथेच पकडतात: एका लॉगरच्या वर्षभरात ३५,००० नोंदी होतात, पण नमुना ३५,००० होत नाही. तुमचा नमुना ३० चौकटींचाच. मॉडेलमध्ये चौकट अधिवासात गुंफलेली ठेवा आणि शक्य तिथे तापमानाचा सारांश वापरा: वितळण्याची तारीख, त्यानंतरच्या ३० दिवसांची उष्णता, गोठण-वितळण्याची आवर्तनं.

ओपन-टॉप चेंबरबद्दल (झाडांभोवती उष्णता वाढवायला उभारलेल्या, वरून उघड्या पारदर्शक भिंती) माझं मत इथल्या काही जणांना पटणार नाही. १९९०पासून चाललेल्या आयटेक्स या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात ते वापरतात आणि साधारण १ ते ३ अंश उष्णता वाढते. पण ते वारा अडवतात, आणि हिवाळ्यात तसेच ठेवले तर आत बर्फही साठवतात. दोन उन्हाळ्यांच्या पोस्टडॉकमध्ये नवे चेंबर उभारू नका, कारण एवढ्या सावकाश वाढणाऱ्या झुडपांत इतक्या कमी काळात फरक दिसणं अवघड. तिथे आधीपासूनचे चेंबर असतील तर त्यांत लॉगर ठेवण्याची परवानगी मागा. नाहीतर बर्फाच्या जाडीतला नैसर्गिक फरकच तुमचा प्रयोग.

हिमरेषा

@दगडफूल, चेंबरबद्दल बव्हंशी सहमत. फक्त जुन्या चेंबरचा पूर्वीचा तापमान-डेटा हातात असेल तरच ते घ्यावेत, असं मी म्हणेन.

ऊन कसं येतं तेही लक्षात घ्या. ७८ अंश उत्तरेला २१ जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून ३५ अंश वर असतो आणि मध्यरात्री उत्तरेला सुमारे ११ अंशांवर. तो चोवीस तास आडवा फिरतो, लॉगरच्या पांढऱ्या छत्रीखालून शिरतो आणि शिल्लक बर्फावरून परावर्तित होऊनही येतो. निरभ्र, वारा पडलेल्या तासांत १५ सेंमीचा आकडा हवेपेक्षा चढा येतो. दोन-तीन ठिकाणी पंखा लावलेल्या छत्रीतला सेन्सर शेजारी ठेवून हा फरक मोजा.

ध्रुवतारा

मुलाखतीत विचारायचं ते सांगतो. पहिला प्रश्न रुजू होण्याच्या तारखेचा. सप्टेंबरात रुजू झालात तर दुसरा उन्हाळा करारातले शेवटचे तीन महिने खातो आणि डेटा हातात येतो तेव्हा पगार थांबलेला असतो. फेब्रुवारीत रुजू झालात तर दोन उन्हाळ्यांनंतर पाच महिने लिखाणाला उरतात. सप्टेंबरच असेल, तर गटाचे लॉगर आधीपासून जमिनीत आहेत का आणि तो कच्चा डेटा पहिल्या दिवसापासून मिळेल का, हे लेखी विचारा.

परवानग्या कोणाच्या नावावर, हा दुसरा. प्रकल्पाची ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ पोर्टलवर नोंद लागते आणि जमिनीत काही रोवून ठेवायला गव्हर्नर कार्यालयाची संमती लागते. वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ हवं, त्यामुळे बंदुकीचं प्रशिक्षण कोण देणार तेही विचारा. एक माणूस पूर्ण वेळ पहाऱ्यावर असतो. तिघांच्या तुकडीत काम करणारे हात दोघांचेच, हे धरून चौकटींची संख्या ठरवा.

ब्लूटूथने डेटा देणारे लॉगर घ्यायचा विचार असेल आणि नी-ओलसुंद या स्वालबार्डमधल्याच संशोधन-वस्तीलाही जायचं असेल, तर थांबा. तिथे रेडिओ दुर्बिणीमुळे २ ते ३२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपण खास परवानगीशिवाय चालत नाही, म्हणजे ब्लूटूथही बंद. केबलने डेटा काढता येणारेच लॉगर न्या.

आणि व्हिसा. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, पण वाट नॉर्वेतूनच जाते. शेंगेन व्हिसा लागत असेल तर दोनदा प्रवेशाचा घ्या, एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर परतताना अडकायला होतं.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. सप्टेंबर-फेब्रुवारीचा हिशोब डोक्यातच आला नव्हता. एक राहिलं: बर्फ नेमका कधी वितळला हे लॉगरवरूनच काढायचं, की वेगळा कॅमेरा लावायचा?

मातीवेडा

दोन्ही. बर्फाखाली २ सेंमीच्या सेन्सरची दिवसभरातली चढउतार १ अंशापेक्षा कमी राहते. वितळायला लागलं की तो अनेक दिवस ०वर चिकटून बसतो आणि एका दुपारी अचानक ५-६ अंशांवर जातो. तो दिवस तुमचा. आरमधलं ‘मायक्लिम’ पॅकेज टीएमएसच्या फायली थेट वाचतं आणि बर्फाचे दिवस शोधतं. फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि टी१ म्हणजे माती, टी२ पृष्ठभाग, टी३ हवा. हा क्रम उलटा धरला जाणं ही नेहमीची चूक आहे.

मात्र कड्यावरच्या पातळ बर्फात चढउतार थांबतच नाही, तिथे ही पद्धत फसते. तेवढ्या चौकटींसाठी दिवसाला तीन फोटो घेणारा ट्रेल कॅमेरा लावा, लिथियम सेलवर, कारण अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. कॅमेऱ्याचा खांब चौकटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला रोवू नका, त्याच्या आडोशाला बर्फ साठतो आणि मोजायची तारीखच पुढे सरकते.