कार्बन-टायटॅनिया: मिथिलीन ब्लू उडतो, डाइंगच्या पाण्याचा रंग का हलत नाही?

प्रश्न (कोल्हापूर): उजेडात रंग तोडणारी कार्बन-टायटॅनिया (कार्बन घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइड) करतोय. टीटीआयपी (टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड) आणि ग्लुकोज घेऊन सोल-जेलनं (द्रावणाचं जेल करून) पावडर केली, मफल भट्टीत ४५० अंशांना २ तास ठेवली. रंग तपकिरी आलाय. लिटरला १ ग्रॅम टाकून उन्हात ठेवलं की मिथिलीन ब्लू (चाचणीचा निळा रंग) साफ होतो. इचलकरंजीच्या प्रोसेसचं पाणी मात्र (रिॲक्टिव्ह रंग, पीएच १०.५) आहे तसंच राहतं. कुठं अडतंय?

उत्तर १: आधी पीएच बघा. साधारण ६ ते ६.५ च्या वर टायटॅनियाचा पृष्ठभाग ऋण होतो. रिॲक्टिव्ह रंगाला सल्फोनेटचे गट, म्हणजे तोही ऋण. रंग पावडरीजवळ फिरकतच नाही. मिथिलीन ब्लू धन, म्हणून तो लगेच चिकटतो. शिवाय डाइंगमधला सोडा ॲश: त्यातलं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (उजेडात पावडरीवर तयार होणारे, रंग तोडणारे कण) खाऊन टाकतं. विरल सल्फ्युरिकनं पीएच ४-५ वर आणा. फेस येतो, मोठं बीकर घ्या. डाइंगच्या मिठाचं क्लोराइडही असंच आड येतं, ते आम्लानंही जात नाही, म्हणून दहापट पातळ करून थर १-२ सेंमीचाच ठेवा. गडद पाण्यात प्रकाश खाली उतरतच नाही.

उत्तर २: वरचं बरोबर, पण मिथिलीन ब्लूवर विसंबू नका. तो ६६४ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन उडतो. उन्हात थोडं यूव्ही असतंच, त्यामुळं साधी पांढरी पावडरही काम करते. अंधारात तासभर ढवळा, तिथलं रीडिंग सुरुवातीचं धरा. सोबत साधं टायटॅनिया आणि बिनपावडरीचं, असे दोन कंट्रोल. मग फिनॉल (बिनरंगी, दिसणारा प्रकाश स्वतः शोषत नाही) लिटरला १० मिग्रॅ, ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरखाली. रीडिंगआधी ०.२२ मायक्रॉननं गाळा, नाहीतर गढूळपणाच मोजाल.

आणि तपकिरी म्हणजे डोपिंग (कार्बन टायटॅनियाच्या स्फटिकात शिरणं) झालं असं नव्हे. बहुतेक वेळा तो अर्धवट जळालेला कोळसा असतो. प्रकाश खातो, काम करत नाही. अशा पावडरीचा टाउक प्लॉट (प्रकाशशोषणाचा आलेख) काढून बँडगॅप (पावडर चालायला प्रकाशात लागणारी किमान ऊर्जा) कमी झाला म्हणणं मला पटत नाही. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे बंध ओळखायची चाचणी) कार्बनचं २८४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं शिखर कुठल्याही नमुन्यात दिसतं. टायटॅनियम-कार्बन बंध २८१-२८२ ला शोधा. ग्लुकोज निम्मं करून बघा. तापमान फार चढवलंत तर कार्बन जळून जाईल, शिवाय टायटॅनियाचं रुटाइल (त्याचं दुसरं, कमी काम करणारं स्फटिकरूप) व्हायला लागेल.

प्रश्नकर्ता: ४२० चा फिल्टर लॅबमध्ये नाही. पर्याय?

उत्तर २: सोडियम नायट्राइटचं २ मोलर द्रावण, दिव्यासमोर १ सेंमी जाडीच्या काचेच्या सेलमध्ये. ४०० नॅनोमीटरच्या खालचं अडतं. फक्त त्यात आम्ल पडू देऊ नका, विषारी तपकिरी वायू निघतो.