क्लीन स्किनकेअरवर जायचंय, ड्रॉवरमधलं सगळं एकदम टाकून देऊ का?

कृष्णाकाठची

नमस्कार. आधीच सांगते, मी काही मेकअपवाली बाई नाही. क्रीम, काजळ, लिपस्टिक, टिकली, लग्नकार्य असलं तर फाउंडेशन, संपलं. शाळेत शिकवते, सकाळी सातला सांगलीच्या विश्रामबागेतनं निघायचं म्हणजे आरशासमोर पाच मिनिटं मिळाली तरी खूप. पण दिवाळीत भाची पुण्याहून आली आणि तिनं माझा ड्रॉवर उपसला, एकेक बाटली फिरवून मागचं बारीक अक्षरातलं वाचत बसली आणि यात पॅराबेन, यात सल्फेट, यात मिनरल ऑइल, मामी हे सगळं टॉक्सिक आहे फेकून दे आणि क्लीनवर ये म्हणाली. तेव्हापासून मला रोज क्रीम लावताना गुन्हा केल्यासारखं वाटायलंय.

बरं मी सुरुवात केली नाही असं नाही. एका प्रदर्शनातनं शंभर टक्के केमिकल-फ्री, हातानं केलेलं कोरफड जेल आणलं, अडीचशे रुपये. पहिले आठ दिवस छान, मग तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर कडेनं काळे ठिपके आणि आंबूस वास, इडलीचं पीठ जास्त फुगल्यावर येतो तसा. त्यादिवशी सकाळी लावून पण झालं होतं अर्धं तोंड!

तर प्रश्न असा की क्लीन म्हणजे नक्की काय बघून घ्यायचं, एकदम बदलू का हळूहळू, आणि हजार-दीड हजारात बसेल का. माझी जाऊ म्हणते एवढा विचार कशाला करतेस, ती पार्लरमधनं बिनलेबलची एक डबी आणते, आठ दिवसात चेहरा उजळतो, तिचा उजळलाय पण खरंच. आणि हो, माझ्या कपाळावर मधोमध जरा फिकट पडलंय, अधनंमधनं खाजतं, ते झाकायला फाउंडेशन पण क्लीनमधलंच सुचवा.

भडंग_आणि_चहा

मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं ताई, जोशात सगळं कचऱ्यात, चार हजाराचा चुराडा. मग नॅचरल म्हणून लिंबू आणि खायचा सोडा चोळला तोंडाला आणि तशीच गाडीवरनं मार्केट यार्डला गेले, एप्रिलचं ऊन. दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे उमटले ते गणपती येईपर्यंत गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते, त्यात सोडा म्हणजे अजून एक. लिंबू सरबतात घाला, तोंडाला लावू नका. टाकून तर काहीच देऊ नका, जे संपेल त्याच्या जागी नवं आणा.

मी_फक्त_साबण

काय हे एकेक. आमच्या आज्जीनं जन्मभर मसूर डाळीचं पीठ आणि शिकेकाई वापरली, ऐंशीव्या वर्षी पण गाल लाल. सगळं बंद करा, पैसे वाचतील.

पार्लरकाकू

भाऊ, आज्जी जन्मभर डोक्यावर पदर घेऊन वावरली असेल, तुमच्यासारखी टू-व्हीलरवर नाही फिरली. आणि ते मसूर पीठ रोज रगडलं तर आमच्याकडं येतात बायका तोंड सोलवटून घेऊन.

औषधवाला_मिरज

माझं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली, रोज कोणीतरी बाटली घेऊन येतंच, भाऊ हे केमिकल-फ्री आहे का बघा. ताई, केमिकल-फ्री काहीच नसतं, पाणी पण केमिकलच. आणि क्लीन या शब्दाला आपल्या कायद्यात व्याख्याच नाही, ज्याला वाटेल त्यानं डब्यावर छापावं. कायद्याला काय लागतं ते बघा. आपल्याकडं कॉस्मेटिक्स रूल्स 2020 आहेत, त्याप्रमाणं बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत आणि आतल्या घटकांची यादी लेबलवर पाहिजे. यादीत जे जास्त ते आधी, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही. म्हणजे डब्यावर मोठं केशराचं चित्र आणि यादीत केशर सगळ्यात खाली असलं तर काय समजायचं ते समजा. घरी बनवून विकणाऱ्यांना पण लायसन्स लागतं बरं का, प्रदर्शनात मांडलं म्हणून सूट नाही.

तुमच्या जेलचं काय झालं तर त्यात पाणी होतं आणि प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं. पाणी आलं की बुरशी येणारच, त्यात तुम्ही बोट घालून काढत असणार आणि डबी बाथरूममध्ये. पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्हच आहेत. त्यातले काही, आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल वगैरे, युरोपनं 2014 मध्ये बंद केले, पण मिथाइल आणि इथाइल तिथं आजही ठराविक प्रमाणात चालतात. तुम्हाला नकोच असेल तर फिनॉक्सीइथेनॉल हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह असलेलं घ्या, पण काहीच नाही असं ओलं प्रॉडक्ट घेऊ नका. मिनरल ऑइल शुद्ध केलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

मला विचाराल तर बदलायचंच असेल तर पहिलं वास बदला. यादीत फ्रॅग्रन्स किंवा परफ्युम असा एकच शब्द असतो आणि त्याच्या आत डझनानं गोष्टी असू शकतात, ॲलर्जीच्या तक्रारीत हे वरच्या नंबरात. आणि नॅचरल इसेन्शियल ऑइल म्हणजे त्यातनं सुटलात असं नाही, संत्र्याच्या, लव्हेंडरच्या तेलानं पण उठतं अंगावर. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर घ्या, मेडिकलमध्ये अडीचशे-तीनशेपासून मिळतं. आयुर्वेदिक घेताना एक गंमत बघा, पुष्कळदा यादीत मंजिष्ठा, चंदन, हळद सगळं मिलिग्रॅममध्ये आणि शेवटी क्रीम बेस क्यू.एस., म्हणजे लागेल तेवढा. डब्यात निम्म्याहून जास्त तोच बेस असतो आणि त्यात काय आहे ते लिहिलेलंच नसतं.

आता खरं बोलायचं ते जाऊबाईंच्या डबीबद्दल. बिनलेबलची आणि आठ दिवसात गोरं करणारी, म्हणजे पहिला संशय स्टिरॉइडचा नाहीतर पाऱ्याचा. स्टिरॉइडनं सुरुवातीला छान दिसतं, मग कातडी पातळ, लाली, बारीक शिरा दिसायला लागतात, पुरळ, गालावर केस, आणि बंद केलं की आग होते म्हणून बाई परत तेच लावते. 2018 मध्ये सरकारनं असली बरीच मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी लोक मागायला येतातच. पाऱ्यानं किडनी जाऊ शकते, केरळात मलप्पुरमला असल्या क्रीममुळं किडनीचे पेशंट निघाल्याच्या बातम्या 2023 मध्ये आल्या होत्या. तुमच्या ड्रॉवरमधल्या सगळ्या पॅराबेनपेक्षा ती एक डबी वाईट. एवढंच की स्टिरॉइड असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका म्हणावं, स्किनच्या डॉक्टरांना डबीच नेऊन दाखवा.

पार्लरकाकू

औषधवाले भाऊ, सगळे पार्लर तसे नसतात, पण बोललात ते खरं आहे. मला पण घेऊन येतात विकायला, मी दारातूनच परत पाठवते.

पण टीचरबाई, एवढं सगळं लिहिलंत आणि मोठी गोष्ट शेवटच्या ओळीत टाकलीत की हो. कपाळावर मधोमध फिकट आणि खाज. तुम्ही टिकली लावता ना? रोज? आणि रात्री आरशाला चिकटवून सकाळी तीच परत? त्या डागाचा आकार टिकलीएवढा गोल आहे का ते बघा. मी थ्रेडिंग करताना कपाळ अगदी जवळनं बघते, अशा दोघी-तिघी सापडल्यात मला. एकीला तर भुवयांच्या मधे पांढरी चंद्रकोर होती, ती चंद्रकोरीची टिकली लावायची. फाउंडेशन राहू दे, आधी टिकली काढा.

औषधवाला_मिरज

अरे हो, ते माझ्या नजरेतनं सुटलंच. काकू बरोबर. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, काही जणींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी त्यानं मरतात. रबरी आणि चामडी चपलेच्या गोंदात पण हेच सापडतं, पायावर पट्ट्याच्या आकाराचे पांढरे डाग दिसतात ना काहींच्या, त्यातले काही त्याचेच. लवकर थांबवलं तर रंग परत यायची शक्यता जास्त. पण डाग नक्की कशाचा ते डॉक्टरच सांगतील, इथं फोटो टाकून विचारू नका.

भडंग_आणि_चहा

आणि टिकलीच्या पाकिटावर कधी कुणी घटकांची यादी बघितलीय का? मी आत्ता उठून बघितलं, माझ्याकडच्या पाकिटावर फक्त साइझ आणि किंमत. दहा रुपयाची गोष्ट म्हणून आपण बघतच नाही 😐

पेवातली_हळद

आमचा हळदीचा व्यापार आहे, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल, तिसरी पिढी. टिकली सोडून कुंकवावर जाणार असाल तर दोन शब्द. घरचं कुंकू हळदीचंच असतं. माझी आज्जी हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी घालून भिजवायची, सावलीत वाळवायची, आठवडाभरात ती तांबडीलाल व्हायची, मग कुटून वस्त्रगाळ. तिचे हात महिनाभर केशरी. बाजारात जे भडक लाल स्वस्तात मिळतं त्यात बऱ्याचदा स्टार्च आणि रंग. आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय म्हणून मला अभिमान आहेच, पण घरचं असलं तरी कुणाकुणाला हळदीनंही खाज येते, टाकणखारानंही येते, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून आठवडाभर बघा. उटण्यासाठी पण सुटी हळद पावडर घेण्यापेक्षा हळकुंड घेऊन दळा, पावडरीत रंगाची भेसळ होते ते आम्हालाच चांगलं माहितीय.

मी_फक्त_साबण

म्हणजे आज्जीवरच आला की विषय.

पार्लरकाकू

😂 आला बाबा आला.

कृष्णाकाठची

उशिरा लिहितेय, परीक्षा सुरू होत्या. महिना झाला.

मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. काकू, तुमच्या पाया पडायला पाहिजे, टिकलीच निघाली. आरशावर चिकटवलेली टिकली डागावर धरून बघितली तर बरोब्बर तेवढीच, अंगावर काटा आला. डॉक्टरांनी एक मलम दिलंय, कपाळाला सनस्क्रीन लावायला सांगितलंय आणि टिकली कायमची बंद. रंग यायला महिने लागतील म्हणाले, पण खाज गेली. भाचीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली टिकलीचं मी बघितलंच नाही गं मामी. ड्रॉवरमधलं सगळं वाचलं तिनं, टिकल्या आरशावर होत्या ना.

ड्रॉवरमधलं काही टाकलं नाही, फक्त एक वासाचं क्रीम संपल्यावर बिनवासाचं आणलं, दोनशे ऐंशी रुपये, आणि सनस्क्रीन. पहिलं सनस्क्रीन पांढरं फटक दिसायचं, वर्गात पोरं म्हणाली मॅडम पीठ लागलंय, मग जरा रंग असलेलं घेतलं. काजळ मात्र मुदत संपून दीड वर्ष झालेलं निघालं, ते टाकलं. फाउंडेशन नवं घेतलंच नाही. जाऊ अजून ऐकत नाही, पण डबी फोटो काढायला म्हणून मागून घेतलीय आणि परत दिलेली नाही. शनिवारी तिला आणि डबीला घेऊन त्याच डॉक्टरांकडं जायचंय, मध्ये बंद केल्यानं काही झालं तर काय ते पण विचारून ठेवलंय.

सासूबाईंना भीती होती मोकळं कपाळ घेऊन शाळेत जाणार का ही. त्यांना सगळं सांगितलं तर काही बोलल्या नाहीत, माळ्यावरच्या ट्रंकेतनं त्यांच्या सासूची पितळी डबी काढून दिली, आत मेणाचा कप्पा वेगळा आणि कुंकवाचा वेगळा. मेण वाळून दगड झालंय, त्यावर बोटाचा खड्डा अजून तसाच आहे. पेवातल्या दादा, तुमच्याकडं घरचं कुंकू अजून कुणी करतं का? पावशेर नको, छटाकभर पुरे, आधी कोपरावर लावून बघणार आहे.