गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ब्लॉग: २२ लेख झाले, फोन एकही नाही. काय चुकतंय?

गच्चीवाला_पुणे

पुण्यात गच्ची, बाथरूम आणि पाण्याच्या टाक्यांचं वॉटरप्रूफिंग करणारी पाच जणांची फर्म आहे. साइट वर्डप्रेसवर. आठ महिन्यांत ब्लॉगवर २२ लेख टाकले, बहुतेक इंग्रजीत, 'वॉटरप्रूफिंगचे महत्त्व', 'पावसाळ्यापूर्वी घ्यायची काळजी' या धर्तीचे. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) २२ पैकी ९ पानं इंडेक्स, म्हणजे गूगलच्या यादीत घेतलेली, दिसतात. महिन्याला तीस-चाळीस क्लिक, तेही फर्मचं नाव टाकून शोधणाऱ्यांचे. एक एजन्सी आठवड्याला चार लेख आणि महिना १५,००० म्हणतेय.

मराठीत लिहावं की इंग्रजीत? खरंच इतके लेख लागतात का? दर उघड लिहावेत का? आणि वाचणारा फोनपर्यंत आणायचा कसा?

ओळंबा

शेवटचा प्रश्न आधी बाजूला ठेवा. गडबड लेखांच्या विषयातच आहे. ज्याच्या बेडरूमच्या छताला पोपडे सुटलेत, त्याला वॉटरप्रूफिंगचं महत्त्व कळलेलंच असतं. तो ते शोधत नाही.

तुमचा खरा वाचक सोसायटीचा सचिव. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने आपल्या खर्चाने काढायची असते, फ्लॅटच्या आतली डागडुजी सभासदाने. म्हणजे गच्चीचं काम द्यायचं कमिटीने. सचिवाला तीन कोटेशनं आणायची असतात, कमिटीपुढे ठेवायची असतात, रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यायची असते. आणि सभेत एक जण तरी उठून म्हणणारच, "जुना कोबा काढायचा कशाला? वरून कोटिंग मारा की!" (कोबा म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर.) त्या वेळी सचिवाला सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करता येईल असं उत्तर तुमच्या साइटवर हवं.

तेव्हा शीर्षक असं करा: 'गच्चीचा कोबा ढबढब वाजतोय: पूर्ण काढायचा की वरून कोटिंग चालेल?' आणि लेखाची सुरुवात 'पाणी हे जीवन आहे' पासून नको. थेट अशी:

"हातोडीने हलकं ठोकत गच्चीभर फिरा. भरीव जागी टणटण वाजतं, सुटलेल्या जागी ढबढब. ढबढब वाजेल तिथे खडूने कड आखा आणि आखलेल्या जागेचं क्षेत्रफळ मोजा. मग साधारण दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांना टेप लावून जमिनीवर चिकटवा आणि १६ तास तसंच ठेवा. काढल्यावर खाली दव दिसलं किंवा जागा काळपट पडली असेल तर पोटात अजून ओल आहे. त्यावर कोटिंग मारलं तर उन्हात ओलीची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि कोटिंगला फुगे येतात."

पुढे किती भाग पोकळ निघाला की तुम्ही पूर्ण कोबा काढायला सांगता आणि का, ते तुमच्या आकड्यांनिशी लिहा. कोटिंग पुरेल अशी गच्ची कोणती हेही लिहा. तुमचं काम कमी करणारं एखादं वाक्य लेखात असलं की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

असे विषय तुमच्याकडे पडून आहेत. व्हॉट्सॲपवरची शेवटची पन्नास चौकशी-संभाषणं काढा आणि दोनदा तरी विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. उदाहरणार्थ, पॉन्डिंग टेस्टला (गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायला) पाणी किती लागतं? दोन इंच पाणी उभं करायचं तर ब्रासला (१०० चौरस फुटांना) सुमारे ४७० लिटर. वीस ब्रासची गच्ची म्हणजे ९,४०० लिटर, जवळजवळ दहा हजार लिटरचा अख्खा टँकर. तो कोणी मागवायचा, पैसे कोणाचे, पाणी उतरण्याच्या जाळीचं तोंड कशाने बंद करायचं, किती तास पाणी ठेवायचं, खाली कोणत्या खोल्यांत जाऊन बघायचं: हा पुरा एक लेख झाला, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो सापडत नाही.

फोटो कामाआधी आणि नंतर एकाच कोपऱ्यात उभं राहून काढा, चौकटीत टेप किंवा हातोडी ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येतो. सोसायटीची पाटी आणि गाड्यांचे नंबर येऊ देऊ नका, आणि परवानगी आधी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा 'हो' पुरे.

वेळेचंही बघा. गळतीची शोधाशोध जूनमध्ये उसळते, पण तेव्हा टाकलेला लेख गूगलवर वर येईतो पाऊस निम्मा सरलेला असतो. उन्हाळ्यातल्या कामांसाठीचे लेख डिसेंबर ते फेब्रुवारीत टाका. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून खर्चाचा अंदाज आणि कोटेशनांची तुलना यांवरचे लेख जुलैत.

रोमन_ते_देवनागरी

भाषेचं माझ्याकडून.

सोसायटीचा सचिव मराठी, गुजराती, सिंधी कोणीही असू शकतो, त्यामुळे दोन्ही भाषा लागतील. पण एका पानावर अर्धं-अर्धं नको आणि आपोआप भाषांतर करणारं प्लगिन तर नकोच. त्यात 'कोबा'चं काय होतं ते एकदा बघा, हसू येईल. प्रत्येक भाषेचं पान वेगळं, पत्ता वेगळा, आणि दोन्ही पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणारा एचरेफलँग टॅग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणारी खूण). एकाच बाजूने लावला तर गूगल तो धरत नाही. मराठी पानाचा भाषा-कोड मराठीचाच आहे ना हे तपासा. तयार थीममध्ये तो इंग्रजीचा राहून गेलेला असतो.

शब्द लोक बोलतात तेच घ्या: गच्ची, टेरेस, स्लॅब, लीकेज, गळती, ओल. 'जलरोधन' हा शब्द टेंडरात शोभतो, शोधाच्या चौकटीत कोणी टाइप करत नाही. बरेच जण मराठीच पण रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यासाठी वेगळा लेख लिहू नका, सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात 'क्वेरीज' उघडा, तिथे लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. ज्या क्वेरीला इंप्रेशन्स (निकालांत किती वेळा दिसलात तो आकडा) शेकड्यांनी आहेत आणि सरासरी क्रमांक ८ ते २० मध्ये आहे, तो लेख आधी दुरुस्त करायला घ्या. नव्या लेखापेक्षा त्याला मेहनत कमी लागते.

लेखाच्या पत्त्याची एक खोच. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत करतं. व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याची टक्केचिन्हांची माळ होते. देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं, त्यामुळे 'गच्ची'ची पाच चिन्हं (ग, च, हलन्त, च, वेलांटी) ४५ अक्षरांची होतात. 'गच्ची गळती उपाय' एवढ्याची ११९. वर्डप्रेस २०० वर कापतं, म्हणजे लांब शीर्षक मधेच तुटतं. लिंक बघून लोकांना ती फसवणुकीची वाटते. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा करून टाका.

इंडेक्स न झालेल्या १३ पानांबद्दल: पहिली शंका सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' खालच्या त्या चौकोनाची येते, ज्याला टिक असली की सर्च इंजिनांना साइट न घेण्याची सूचना जाते. पण ९ पानं आत आहेत म्हणजे ते कारण नाही. सर्च कन्सोलच्या 'पेजेस' अहवालात कारण वाचा. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असेल तर गूगलने पान वाचलं आणि बाजूला ठेवलं, तिथे मजकूरच बदलावा लागेल. 'डिस्कव्हर्ड' असेल तर अजून वाचलेलंच नाही, एक शक्य कारण म्हणजे तुमच्याच दुसऱ्या कोणत्या पानावरून तिकडे लिंक नाही. नुसतं 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबत बसण्यात अर्थ नाही.

रोखठोक

एजन्सीचा हिशेब करा. महिन्याला १६ लेख, १५,००० रुपये: लेखाला हजारसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात तुमच्या गच्चीवर चढून कोणी लिहिणार नाही, यंत्राकडून घाऊक मजकूर येईल. गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत असा घाऊक, निरुपयोगी मजकूर नाव घेऊन घातलाय, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. महिन्याला दोन नीट लेख पुष्कळ झाले. 'एफएक्यू स्कीमा'चे (प्रश्नोत्तरं गूगलला ओळखता यावीत म्हणून पानात घालायच्या कोडचे) वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ऑगस्ट २०२३ पासून ते प्रश्नोत्तरांचे खास निकाल सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटींपुरते उरले.

दराबाबत: नुसता 'चौरस फुटाला इतके' लिहू नका. स्पर्धकाचं सोडा, तो तुमचा दर केव्हाच फोन करून काढून बसलाय. अडचण वेगळी आहे. नुसत्या दराने सचिवाला कोटेशनं ताडून बघता येत नाहीत. हिशेब लिहा. ५० फूट बाय ४० फूट गच्ची म्हणजे २,००० चौरस फूट, २० ब्रास. पण कठड्याच्या कडेने वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात त्या सांध्यातली मसाल्याची गोलाई) मारून कोटिंग एक फूट वर चढवायचं तर परिघ १८० फूट, आणखी १८० चौरस फूट. बिलात २१.८ ब्रास लागणार. एकाने २० धरले, दुसऱ्याने २१.८, आणि कमिटी दोघांची शेवटची रक्कम बघून स्वस्त निवडते; मग पहिल्या पावसात गळतं नेमकं कठड्याच्या सांध्यातून. तेव्हा लेखात विचारा: वाटा धरलाय का, जुना कोबा काढल्यावर राडारोडा खाली उतरवून वाहून नेणं धरलंय का, टँकर कोणाचा, १८ टक्के जीएसटी आत की वर, हमीतून काय वगळलंय. मग तुमच्या दराची कमाल-किमान मर्यादा द्या आणि शेजारी महिना-वर्ष टाका. जुना दर तारखेविना राहिला की गिऱ्हाईक तोच धरून बसतं.

ताळेबंद

जरा अवांतर: हे सगळं सीएच्या फर्मला लागू करता येईल का?

रोखठोक

@ताळेबंद, जपून. सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली कलमं ६ आणि ७ आहेत, काम मागणं आणि जाहिरात दोन्हींवर बंधन. वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६. माहितीपर लेख लिहिणं वेगळं, लेखाखाली 'आजच संपर्क करा, सवलत मिळवा' लिहिणं वेगळं. वाचकाला थेट संपर्क करायला लावणारं बटण तुम्ही तसंच्या तसं उचलू नका. सनदी लेखापालांच्या संस्थेची वेबसाइटबद्दलची सध्याची मार्गदर्शक तत्त्वं वाचून मगच.

ओळंबा

फोनपर्यंत आणण्याचं राहिलं होतं.

साइटवर आठ रकान्यांचा चौकशी-फॉर्म असेल तर काढून टाका. प्रत्येक लेखात दोन ठिकाणी व्हॉट्सॲपची क्लिक-टू-चॅट लिंक द्या, एक पहिलं उत्तर संपतं तिथे, एक शेवटी. लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करा. अधिक-चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा काही नको, नाहीतर ती उघडत नाही. आणि आधीच टाइप केलेला मजकूर जोडा, लेखागणिक वेगळा: "कोब्याचा लेख वाचला. गच्ची अंदाजे ___ चौ. फूट, इमारत ___ मजली, परिसर ___, गळती कुठे ___." याने दोन कामं होतात. निरोप कोणत्या लेखावरून आला ते कळतं, आणि भेटीआधी निम्मी माहिती हातात येते. फोन नंबर चित्रात कोंबू नका, दाबला की लागेल असा मजकुरात द्या.

प्रत्यक्ष फोन करणाऱ्याला पहिल्याच मिनिटात विचारा, 'नंबर कुठून मिळाला?' आणि वहीत लिहा. 'गूगलवरून' म्हणाला तर नकाशावरून की लेखावरून, तेही. तुमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलवरून बरेच फोन येत असतील आणि श्रेय ब्लॉगला जाईल, किंवा उलट.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टच्या (एकच निरोप अनेकांना पाठवायच्या यादीच्या) भरवशावर राहू नका. एका यादीत २५६ जण मावतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. काम संपल्यावर हमीपत्र देताना सचिवाला नंबर सेव्ह करायला लावा, पुढच्या मे महिन्यात जाळ्या साफ करण्याचा लेख त्याच्यापर्यंत जाईल.

गच्चीवाला_पुणे

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. आता त्या जुन्या २२ लेखांचं काय करू? सरसकट उडवून देऊ का?

रोमन_ते_देवनागरी

सरसकट नको. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो, तुमचे आठही महिने त्यात आले. लेखनिहाय इंप्रेशन्स काढा. एकाच विषयावर तीन लेख असतील तर त्यातला कामाचा मजकूर नव्या लेखात घ्या आणि तिन्ही जुन्या पत्त्यांवरून नव्या लेखाकडे ३०१ वळण (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण) लावा. ज्यांना इंप्रेशन्सच नाहीत आणि उचलण्याजोगं काही नाही, ते सरळ काढा, ४०४ ('पान सापडलं नाही') आलं तरी बिघडत नाही. सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवण्याचा मोह मात्र टाळा. विषयाशी संबंध नसलेलं असं वळण गूगल 'सॉफ्ट ४०४' मानतं, शिवाय पॉन्डिंग टेस्ट शोधत आलेला माणूस एकदम मुख्य पानावर येऊन पडतो आणि मागे फिरतो.